तोडणार होतात का?

मोजणीबाईचं खरं नाव तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. जिथे जाई तिथे तिच्या खांद्यावर टेप, काखेत वही आणि पायात घोट्यापर्यंतचे चिखलानं माखलेले बूट. दुसऱ्या दिवसापर्यंत लोक तिला 'मोजणीबाई' म्हणायला लागत, आणि तिसऱ्या दिवशी तीच फोनवर "मोजणीबाई बोलतेय" म्हणून मोकळी होई. वय बावन्न. घरात ती आणि तिची मोठी बहीण, दोघीच.

काम तसं सांगायला सोपं. कुठली तरी विमान कंपनी आकाशात धूर सोडते. तो धूर भरून निघावा म्हणून ती दूरच्या एखाद्या जंगलासाठी पैसे देते, की बाबांनो, ही झाडं तोडू नका, यांचं पुण्य आमच्या खाती लिहा. मध्ये एक प्रकल्पवाली कंपनी असते. ती जंगलाच्या मालकाशी करार करते आणि कागद रंगवते. ते कागद खरे आहेत की नुसतेच रंगवलेले, हे बघायला मोजणीबाईच्या ऑफिसातून माणूस जातो. गंमत अशी की त्या माणसाची फी प्रकल्पवाली कंपनीच भरते. परीक्षेला बसणाऱ्यानंच परीक्षकाचा खिसा गरम करायचा, असा हा मामला. मोजणीबाईला तो कधीच पटला नव्हता, पण दुसरी पद्धत अजून कुणी काढली नव्हती.

झाडं मोजणं काही अवघड नाही. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची, घेर लिहायचा, पुढच्या झाडाकडे जायचं. खरी मेख एकाच प्रश्नात असते. प्रकल्प आला नसता तर ही झाडं तोडली गेली असती का? नसती, तर मग वाचवलं काय? काठावर बसलेल्या माणसाला बुडताना वाचवल्याचं बक्षीस मागण्यासारखंच ते.

"न घडलेल्या गोष्टीची चौकशी करायचा पगार घेतेस तू," तिची ताई म्हणायची. "असली नोकरी आम्हाला नाही बाई कुणी दिली."

या वेळचा डोंगर एका म्हाताऱ्या जोडप्याच्या नावावर होता. रस्त्यापासून एकतीस दगडी पायऱ्या चढून गेलं की त्यांचं घर, आणि घराच्या मागेपुढे, वर-खाली सगळी पाइनची झाडं. नमुन्याच्या तुकड्यांवरून मोजणीबाईनं अंदाज काढला, चार हजारांच्या आसपास. घेर, उंची, सगळं कागदाशी जुळत होतं. समन्वयक, म्हणजे प्रकल्पवाल्या कंपनीचा माणूस, पहिले दोन दिवस तिच्यामागे फिरला. चाळिशीचा, बोलायला मिठ्ठास, पण झाडांबद्दल मनापासून जीव असलेला. वाटेत एखादं रोप वाकलेलं दिसलं की थांबून त्याला दगडाचा टेकू द्यायचा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, आता मुलाखतींचंच राहिलं. ते काय, अर्ध्या तासाचं काम," आणि आपल्या दुसऱ्या कामाला निघून गेला.

मालकांना वेगवेगळं विचारायचं, असा नियम होता. मोजणीबाईनं काकांना, म्हणजे घरमालकांना, बाहेर बसायला सांगितलं आणि ती स्वयंपाकघरात काकूंसमोर बसली. काकू बहात्तरच्या. गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे खुर्ची सरकवत सरकवत, बसल्या बसल्याच सगळं स्वयंपाकघर चालवायच्या. चहा ठेवायला दुपारीही दिवा लावावा लागत होता.

"काकू, प्रकल्प आला नसता तर तुम्ही ही झाडं तोडणार होतात का?"

काकूंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "तोडणार? हे? अहो, वाळकी फांदी छाटायची झाली तरी आधी झाडाच्या पाठीवरून हात फिरवतात. मला चोरून फिरवतात, मी बघितलंय. या माणसाच्या हातून झाड तुटेल होय? लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, मी काय आज ओळखते का यांना?"

मोजणीबाईनं लिहून घेतलं. तिच्या पिशवीत एक पत्र होतं, खाली काकांची सही असलेलं. 'येत्या पाच वर्षांत संपूर्ण डोंगरावरील झाडे तोडून विकण्याचा आमचा निश्चीत विचार होता.' त्या निश्चितमधल्या चुकीच्या वेलांटीकडे तिचं लक्ष ऑफिसातच गेलं होतं. अख्ख्या प्रकल्पाचा डोलारा या एका वाक्यावर उभा होता, आणि काकूंनी तो गाळणी हातात धरून दोन मिनिटांत पाडला होता.

काका घरामागे सरपण रचत होते. शहात्तरचं वय, पण पाठ ताठ. तिनं तोच प्रश्न विचारला.

"हो. तोडणार होतो," काका म्हणाले. लगेच, फार लगेच.

"सगळी?"

"पत्रात लिहिलंय तसं."

"पत्रात काय लिहिलंय ते मी वाचलंय काका. तुमच्या मनात काय होतं, ते विचारतेय."

काकांनी एक ओंडका उचलला, आधीच नीट बसलेल्या ढिगावर ठेवला, परत उचलला. "ती काय म्हणाली?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे नाही म्हणाली." ते कसनुसं हसले. मग स्वयंपाकघराच्या दिशेला एकदा बघून आवाज खाली आणला. "तुम्हाला मी खोटारडा वाटत असेन. माथ्याच्या पलीकडे जा. मागच्या उतारावर. एकट्या जा. मग बोलू."

समन्वयकानं दाखवलेल्या वाटा माथ्याच्या अलीकडेच संपत होत्या. मोजणीबाई धापा टाकत वर पोचली आणि पलीकडे उतरली. पाचच मिनिटांत तिला पहिला आकडा दिसला. खोडावर, कमरेच्या उंचीला, लाल रंगात सात. थोड्या अंतरावर आठ. खोड वाढेल तशी सालीबरोबर आकड्याची रेघही फाटली होती, फटींत शेवाळ धरलं होतं. रंग कालपरवाचा नव्हता हे उघड होतं. पत्र खरं ठरवण्यासाठी कुणी घाईघाईनं फासलेला तर नव्हताच.

ती एकेक आकडा शोधत गेली. दुपार सरत आली तेव्हा सगळे सापडले होते, एक ते बेचाळीस. पुढे त्रेचाळीस नव्हता. तिनं उतार पुन्हा पालथा घातला, नव्हताच.

सतराव्या झाडाखाली पाणी प्यायला बसली तेव्हा तिच्या मनात आलं, घर कुठल्या बाजूला? तिनं मान वळवून बघितलं. दिसत नव्हतं. मध्ये माथा होता. ती उठली आणि प्रत्येक आकड्यापाशी जाऊन उभी राहिली. बेचाळीसपैकी एकाही झाडापाशी उभं राहून घराचं छप्पर दिसत नव्हतं, आणि मधला माथा इतका उंच होता की घरातून त्यांपैकी एकाचंही टोक दिसत नसणार. माथ्याच्या अलीकडे याहून जाड, सरळ, वखारवाल्याच्या तोंडाला पाणी सुटेल अशी कितीतरी झाडं होती. त्यांच्यावर लाल ठिपका नव्हता. काकांनी ही बेचाळीस निवडताना लाकूड बघितलंच नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच बघितलं होतं, की स्वयंपाकघरात बसलेल्या बाईला एकही झाड गेलेलं कळू नये.

मोजणीबाईनं बेचाळीसही आकडे वहीत उतरवून घेतले. बावीस वर्षांत तिनं पुष्कळ पुरावे गोळा केले होते, पण असा पुरावा तिच्या हाती पहिल्यांदाच लागत होता.

खाली उतरताना काका तिला पायवाटेवर भेटले. वाटच बघत होते.

"बेचाळीस," ती म्हणाली.

"बेचाळीस," काका म्हणाले आणि दगडावर बसले. "तिचे गुडघे बघितलेत ना? त्या पायऱ्या ती चार वर्षांत उतरली नाही. मुलगी शहरात राहते. तिच्या शेजारी, तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या. म्हटलं, तेवढी झाडं काढू, खोल्या घेऊ, हिला मुलीजवळ नेऊ. वखारवाल्याला आणून नंबरही टाकून घेतले. ही झोपायची तेव्हा, दुपारी."

"काकूंना का नाही सांगितलं?"

"डोंगर तिच्या वडिलांनी लावलेला. मी कसा सांगू, की तुझ्यासाठी तुझ्याच बापाची झाडं पाडतोय? तेवढ्यात हे कंपनीवाले आले. म्हटलं, सुटलो. झाडंही राहतील, चार पैसेही येतील, आणि हिला काही कळायचंही नाही. त्या साहेबांना मी बेचाळीसच सांगितली होती. ते म्हणाले, कागदावर डोंगर लिहू, बेचाळीस काय नि डोंगर काय, एकच. मी सही केली."

"एकच नाही काका ते."

"आता कळतंय." त्यांनी जमिनीवरची पाइनची एक सुईसारखी पात उचलून बोटांत फिरवली. "तुम्ही हे लिहिणार?"

"लिहावं लागेल. आणि ते दोन्ही मालकांसमोर वाचून दाखवून सह्या घ्यायच्या असतात."

 काकांचे डोळे भरून आले होते, पण पुसायला हात वर नेला तर दिसेल म्हणून नेत नव्हते. मोजणीबाईही दुसरीकडे बघत राहिली. नियमाप्रमाणे सह्या त्याच दिवशी व्हायला हव्या होत्या.

"माझं एका तुकड्याचं मोजमाप परत करायचं राहिलंय," ती शेवटी म्हणाली. "मी उद्या सकाळी दहाला येते. तोवर तुमच्या तोंडून त्यांना कळलं तर बरं. माझ्या वहीतून कळायला नको."

दुसऱ्या दिवशी ती पायऱ्या चढून आली तेव्हा दार उघडं होतं आणि घरात चिडीचूप. काकू नेहमीच्या खुर्चीत. काका दारापाशी, शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखे. चहाचा पत्ता नव्हता.

"या," काकू म्हणाल्या. "बसा. यांना बसायचं असेल तर बसू देत, मी काही बांधून ठेवलं नाही."

काका बसले नाहीत.

"झाडांचं मला काही वाटलं नाही हो," काकू मोजणीबाईला म्हणाल्या, पण बोलत होत्या नवऱ्याशीच. "बाबांनी झाडं लावली ती काय पूजा करायला? ते स्वतः तोडायचे, विकायचे, पुन्हा लावायचे. पण हा माणूस वखारवाल्याकडे जातो, त्याच्याबरोबर डोंगर फिरतो, बेचाळीस नंबर टाकून येतो आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून मुकाट जेवतो! वखारवाल्याला माझे गुडघे माहीत, मुलीच्या शेजारच्या खोल्या माहीत. सगळ्या जगाला माहीत. मी तेवढी नाही. मला एकदा विचारायचं होतंत."

"काय विचारणार होतो मी?" काका कळवळून म्हणाले. "तू नाही म्हणाली असतीस तर?"

"मी नाहीच म्हणणार होते! मला नाही जायचं शहरात. मुलीच्या उरावर बसायला कुणी सांगितलंय? मला फक्त खाली, रस्त्यालगत एक खोली हवी होती. सहा वर्षं झाली मनात घेऊन बसलेय. बोलले नाही, कारण मग तुम्हाला या घरातून खाली यावं लागलं असतं, आणि तुम्हाला ही झाडं उशाशी लागतात."

काका दारातून दोन पावलं आत आले.

"आणि नंबर टाकले कुठं, तर म्हणे माथ्यापलीकडे! मला दिसू नये म्हणून!" काकूंचा आवाज चढता चढता फुटला, आणि त्यांना एकाच वेळी रडू आणि हसू आलं. "अहो, ही समोरची सहा पाडली असतीत तर पांग फिटले असते माझे. वीस वर्षं स्वयंपाकघरात ऊन नाही. भर दुपारी दिवा लावून चहा करतेय मी. तुमची लाडकी म्हणून गप्प बसले."

"ती होय?" काका म्हणाले. "ती मी तुझ्यासाठी ठेवली होती. तुला हिरवं बघायला."

"डोंगरावर राहतो आपण! हिरव्याचा काय दुष्काळ पडलाय?"

मोजणीबाईनं वही तोंडासमोर धरली, पण हसू लपलं नाही. मग काकाही हसले, आणि हसता हसता खाली काकूंच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले. काकूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. नंतर निवेदन वाचून झालं, काकूंनी चष्मा लावून एकेक ओळ तपासली, एका ठिकाणी 'पतीने पत्नीस न कळवता' याखाली स्वतःच्या हातानं रेघ मारली, आणि दोघांनी सह्या केल्या.

परतीच्या वाटेवर मोजणीबाई वखारीत डोकावली. वखारवाल्यानं जुनी वही उघडून तारीख दाखवली, प्रकल्पाच्या सात महिने आधीची. "अख्खा डोंगर?" तो म्हणाला. "अहो, चार हजार झाडं कापायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल."

समन्वयकाला तिनं स्वतःच फोन केला. मागून समजण्यापेक्षा बरं.

"मॅडम, झाडं उभी आहेत ना?" तो म्हणाला. आवाजात चिडण्यापेक्षा थकवा जास्त होता. "तुम्ही स्वतः टेप लावलीत. मग बेचाळीस की चार हजार, कुणाचं काय बिघडतं?"

"तिकडे ती विमान कंपनी चार हजार झाडांचा धूर सोडून मोकळी होणार आहे ना, त्यानं बिघडतं. बेचाळीस झाडं तुम्ही खरंच वाचवलीत. ते मी ठळक लिहिलंय. बाकीची उभीच होती आणि उभीच राहणार होती. ती तुम्ही नाही वाचवलीत, त्या म्हाताऱ्यानं वाचवलीत, त्याला तर पत्ताही नव्हता."

 समन्वयक हळूच म्हणाला, "बेचाळीसवर प्रकल्प चालत नाही, मॅडम. या पैशांवर चालणारी रोपवाटिका बंद होईल माझी." मोजणीबाईला त्याचं वाईट वाटलं. तिनं तसं सांगितलंही. पण आकडा बदलला नाही.

ऑफिसात तिच्या साहेबांनी अहवाल वाचला आणि कपाळाला हात लावला. "घरातून झाड दिसत नाही, हा पुरावा? हे कुठल्या नियमात बसतं?"

"नकाशा जोडलाय. बेचाळीस ठिकाणांहून घर दिसतं का, तेही तपासलंय. वखारीची नोंद आहे, दोन सह्या आहेत. माणसानं काय केलं नसतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही."

"कंपनी पुढचं काम आपल्याला देणार नाही."

"मग त्यांच्या बाकीच्या डोंगरांची पत्रं एकदा बघून घ्या साहेब, अजून आपल्या ताब्यात आहेत तोवर."

साहेब कुरकुरत उठले. कपाटातून अकरा फायली निघाल्या. अकरा मालक, अकरा डोंगर, आणि अकराही पत्रांत तेच एक वाक्य, तीच 'निश्चीत'ची चुकलेली वेलांटी. साहेबांनी फायली टेबलावर एका ओळीत पसरल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि असे प्रकल्प मंजूर करणाऱ्या वरच्या समितीला स्वतःच्या हातानं पत्र लिहायला घेतलं. मोजणीबाईला हे अपेक्षित नव्हतं. तिनं गुपचूप दोन कप चहा आणला.

समितीनं अकराच्या अकरा डोंगर पुन्हा तपासायला लावले. त्यातले दोन खरोखर धोक्यात होते, ते टिकले, आणि समन्वयकाची रोपवाटिका त्यांच्या जोरावर कशीबशी तग धरून राहिली. बाकीचे दावे रद्द झाले. म्हाताऱ्या जोडप्याचा डोंगर कंपनीनं सोडून दिला. मोजणीबाईच्या ऑफिसचं एक मोठं काम गेलं, आणि तिला वर्षभर टेबलावर बसून दुसऱ्यांचे अहवाल तपासावे लागले. बूट घरात पडून राहिले. ताई रोज त्यांना ठेचकाळायची आणि रोज बोलून दाखवायची.

पुढच्या वर्षी, हवा निवळल्यावर, काकूंचा फोन आला. सुटी घेऊन या म्हणाल्या, कामाला नव्हे.

मोजणीबाई गेली तेव्हा रस्त्यालगत नवी खोली उभी होती, पाइनच्या फळ्यांची, अजून ताज्या लाकडाचा वास असलेली. मुलगी आणि जावई आले होते. काकूंना माथ्यापलीकडचा उतार बघायचा होता. चौघांनी मिळून त्यांना खुर्चीसकट वर नेलं, वळणावळणावर टेकत, काकांच्या सूचना ऐकत आणि काकूंकडून त्यांना गप्प बसवून घेत. पलीकडे तेरा बुंधे होते. उरलेल्या खोडांवरचे आकडे कुणीतरी तारेच्या ब्रशनं खरवडून काढले होते.

"तेरा इथली आणि सहा समोरची," काका म्हणाले. "एकोणीस. प्रत्येक हिला विचारून."

मोजणीबाई सवयीनं बुंधे मोजत होती. तिच्या अहवालात ठसठशीत लिहिलं होतं की प्रकल्प नसता तर बेचाळीस झाडं गेली असती. प्रकल्प गेला, आणि गेली ती एकोणीस.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"माझा अंदाज चुकला काकू. तेवीस झाडांनी."

"मग आता?"

"आता काय. चूक कळवायला हवी. सोमवारी ऑफिसला पत्र लिहीन."

"आमच्या भांडणाचं पण लिहाल त्यात?" काकूंनी डोळे बारीक केले.

"थोडं लिहावं लागेल. एकट्या माणसाच्या बेतावरून धरलेला अंदाज होता तो. दोघं बोलल्यावर आकडा खाली आला."

काकू खूश झाल्या. त्यांनी नवऱ्याच्या दंडाला धरून खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. गुडघे नाही म्हणाले, त्या परत बसल्या, पुन्हा उठल्या. या खेपेला उभ्या राहिल्या. जवळच्या एका बुंध्याभोवती नवी रोपं लावलेली होती, वीतभर उंचीची. समन्वयकानं स्वतः आणून दिली होती, फुकट.

"यांची मोजणी करता का?" काकांनी विचारलं.

"छातीच्या उंचीला आल्यावर," मोजणीबाई म्हणाली. पण एवढ्या लांब आलेच आहे तर म्हणून तिनं पिशवीतून टेप काढली, गुडघ्यावर बसली आणि पहिल्या रोपाची उंची मोजून मोठ्यानं सांगितली. लिहून घ्यायला वही आणली नव्हती. जावयानं आपल्या तळहातावर पेनानं लिहून घेतली.